काम काही नव्हतं, डोंग्यात बसून फिरलो

आमच्याकडे वैनगंगेवर डोंग्यात, म्हणजे होडीत, बसायला काहीतरी कारण लागतं. मासोळ्या धरायच्या आहेत, जाळं काढायचंय, पलीकडच्या काठावर कोणाचं लग्न आहे नाहीतर मयत आहे, किंवा आंभोऱ्याला चैतन्येश्वराच्या दर्शनाला जायचंय. नुसतं बसायचं, वारा नेईल तिकडे जायचं, एखाद्या बेटावर उतरून चहा करून प्यायचा आणि परत यायचं, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो आणि विचारतो, "बरं, पन काम काय होतं?"

काम काही नव्हतं. धानाची मळणी झाली होती, धान घरात आलं होतं, बांधीत लाखोळी आपली आपण वाढत होती. लाखोळीचं हे बरं असतं, धान उभं असतानाच ओल्या चिखलात बी फेकून द्यायचं आणि विसरून जायचं. पौषातले हे मोकळे दिवस आमच्याकडे लोक सोयरिकी पाहण्यात नाहीतर मंडईच्या जत्रेतली नाटकं पाहण्यात घालवतात. आम्ही डोंग्यात घालवले.

हे खूळ ह्यांचं. मागच्या पावसाळ्यात रोवणीनंतर पाठ धरली होती म्हणून पडल्या पडल्या मोबाईल बघायचे, त्यात कोण्या देशातलं एक म्हातारं जोडपं सापडलं, शिडाची छोटी बोट, समुद्रात पसरलेली निवांत बेटं, आज ह्या बेटाला नांगर टाकला उद्या त्या बेटाला, घाई कुठलीच नाही, म्हातारा दोरी धरून बसलेला आणि म्हातारी पुस्तक वाचून राहिली. हे रोज बघायचे आणि मला दाखवायचे. मी म्हटलं, समुद्र कुठून आणता? समृद्धी महामार्गच ७०१ किलोमीटरचा आहे, तो संपल्यावर कुठे मुंबईचा समुद्र लागतो. तर म्हणतात, "समुद्र नसन तर नसो वो, पानी त हाये ना."

समुद्र आम्ही एकदा बघून आलोय तसा. मालवणला गेलो होतो, कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग पाहिला, शिवाजी महाराजांनी १६६४ ला बांधायला घेतला तो. किल्ला जबरदस्तच आहे, तटावरून फिरताना बोलणं सुचत नाही. पण बोटवाल्यानं उतरवतानाच सांगितलं की तासाभरात परत या, पुढची पाळी लागलीय, मग काय, निम्मा जीव घड्याळात. ह्यांना ते तेव्हापासून खुपत होतं.

तर पाणी. आमच्या भागात ज्याला सगळे 'बॅकवॉटर' म्हणतात ते म्हणजे गोसेखुर्द धरणाचं, वैनगंगेचं अडलेलं पाणी. राजीव गांधींनी २२ एप्रिल १९८८ ला भूमिपूजन केलं, तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते. पाणी अडवायला पुढे वीसेक वर्षं गेली, आणि भंडारा आणि नागपूर दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी गावं त्यात गेली. त्यातलं एक माझं माहेर. नदीच्या आजूबाजूला ज्या टेकड्या होत्या त्यांचे पाय पाण्यात गेले आणि माथे वर राहिले, तीच आमची बेटं. पावसाळा संपून धरण भरलं की भरपूर बेटं दिसतात, पाणी सोडत सोडत उन्हाळा आला की एकेक बेट काठाला जोडलं जातं आणि पुन्हा टेकडी होतं. मालवणला भरती-ओहोटी चंद्रावर चालते म्हणतात, आमच्याकडची गोसेखुर्दच्या ३३ दरवाजांवर चालते.

डोंगा माहेरच्या एका ढिवर, म्हणजे मासे धरणाऱ्या समाजातल्या, भावाचा. सख्खा नाही, पण एकाच आळीतले, मी त्याला भाऊ म्हणते, तो मला बाई म्हणतो आणि ह्यांना भाटवे. त्याच्या बापाचा डोंगा लाकडाचा होता, ह्याचा पत्र्याचा आहे, खालून सपाट, आत बसलं की पाण्याची पातळी कमरेशी येते आणि पहिली दहा मिनिटं माणूस देव आठवत बसतो. ह्यांनी जाण्याआधी भंडाऱ्याहून लाईफ जॅकेटं आणली, भगव्या रंगाची, गावभर हसू झालं, पण ह्या बाबतीत मी ह्यांच्या बाजूची. २०२४ च्या जानेवारीत खाली गडचिरोली जिल्ह्यात मिरची तोडायला जाणाऱ्या बायांचा डोंगा ह्याच वैनगंगेत उलटला होता. त्या बायांना कोणी विचारलं नव्हतं काम काय होतं म्हणून, रोजीसाठीच चालल्या होत्या, आणि अंगात जॅकेट कोणाच्याच नसतं आपल्याकडे. भाऊला पण घालायला लावलं. त्यानं घातलं आणि वरून शर्ट घातला, कोणी बघू नये म्हणून.

आता शिडाची गोष्ट. ह्यांनी मळणीच्या वेळी धान वाळवायला जे चवाळं वापरतो, युरियाची पोती उसवून शिवलेलं, ते आणलं होतं. दोन बांबू, एक उभा एक आडवा, नायलॉनची दोरी. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाटवे, हे का ताजिया हाये का?" पण बांधून मात्र दिलं त्यानंच, कारण ह्यांची गाठ सुटून राहिली होती.

सकाळी काहीच झालं नाही. सकाळी पाण्यावर धुकं असतं आणि वारा नसतोच, चवाळं नुसतं लोंबत होतं आणि त्यावर '४५ किलो' असं उलटं लिहिलेलं वाचत आम्ही बसलो. भाऊ वल्हं मारत होता. ऊन वर आलं, दहा-साडेदहा झाले, काठावरची जमीन तापली तसा उत्तरेकडून वारा सुटला, आमच्याकडे हिवाळ्यात बहुतेक उत्तर-ईशान्येचाच असतो, आणि एकदम चवाळ्याचं पोट फुगलं. फट्ट आवाज झाला. आणि डोंगा चालायला लागला बाप्पा! वल्हं आत, भाऊ हात बांधून बसलेला, कोणी काही करून नाही राहिलं आणि आपण चाललोय. इंजिनचा आवाज नाही, वल्ह्याचा चुबुक चुबुक नाही, फक्त पत्र्याखालून पाणी सरकल्याचा. ह्यांनी दोरी धरलेली आणि चेहरा असा की मुलगा नोकरीला लागला तेव्हा सुद्धा नव्हता. वेग म्हणाल तर काठावरून बकऱ्या हाकणारी एक म्हातारी आमच्या पुढे निघून गेली.

गंमत संपते ती वारा बाजूनं आला की. शिडाच्या खऱ्या बोटीला खाली पाण्यात उतरलेलं एक जड पातं असतं, ते बोटीला आडवं घसरू देत नाही, म्हणून ती बोट वाऱ्याच्या समोरून सुद्धा नागमोडी वळणं घेत वर चढू शकते, हे मला ह्यांनी इतक्यांदा समजावलंय की आता मी कोणालाही समजावू शकते. आमचा डोंगा सपाट तळाचा. वारा पाठीशी असला तर राजा, बाजूनं आला तर खेकड्यासारखा तिरपा तिरपा निघतो. एका बेटाकडे जायचं म्हणून निघालो आणि दुसऱ्याच बेटाला लागलो. भाऊ म्हणे फिरवतो. हे म्हणाले, "राहू दे ना, हे का वाईट हाये?" खरंच वाईट नव्हतं, आणि तिकडे तरी आमचं कोण वाट पाहत होतं.

त्या बेटावर सीताफळाची झाडं, पळस, खाली वाळलेलं गवत, आणि पाण्याच्या कडेला सगळीकडे बेशरमाची झुडपं. कोण्या मासेवाल्यानं तीन दगड मांडून ठेवले होते, त्यावर चहा केला. सोबत तांदळाच्या भाकरी आणि झिंग्याची चटणी होती, वरून हिरव्या पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा उकडून घेतलेल्या. खाऊन हे आडवे झाले आणि घोरायला लागले. मी पुस्तक नेलं नव्हतं. त्या म्हातारीसारखं वाचत बसायचं माझ्याच्यानं व्हायचं नाही, माझे हात रिकामे राहिले की मला कसंतरी होतं, म्हणून मी शेंगा सोलत बसले, सगळ्या सोलून झाल्या तेव्हा मग काहीच नव्हतं. तेव्हा कुठे नीट बघितलं समोर.

पाण्यात वाळलेली झाडं उभी आहेत, बुडाली तेव्हाची, साल गेलेली, पांढरी. त्यांच्या शेंड्यांवर पाणकावळे पंख पसरून बसलेले, बुडी मारून आले की त्यांना पंख वाळवावे लागतात. एक बंड्या खंड्या, तो काळा-पांढरा, पाण्यावर एकाच जागी फडफडत थांबायचा आणि दगडासारखा खाली. लांब उथळात चांदव्यांचा मोठा थवा, काळे, कपाळावर पांढरा टिळा. आणि पट्टकादंब, डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेली बदकं, हंसच ती खरं तर, तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात. हिमालय! आणि इथे येऊन काय करतात तर धानाच्या बांध्यांत चरतात. भाऊला त्यांचं कौतुक नाही. तो म्हणे रात्री गहू-हरभऱ्यात पडतात. उन्हाळ्यात मात्र वाळूच्या उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय पक्षी जमिनीवरच अंडी घालतात, तिकडे तो मुलांना जाऊ देत नाही हेही त्यानंच सांगितलं.

दुपारनंतर माझ्या गावावरून गेलो.

म्हणजे भाऊनं सांगितलं म्हणून कळलं. वरून तर सगळं पाणीच. त्यानं शिड उतरवलं, वल्ह्यानं थोडं इकडे तिकडे केलं, आणि म्हणाला, "हे आता आपन शाळेवर हाओ." मी म्हटलं कशावरून? तर त्यानं दाखवलं: समोरच्या दोन टेकड्यांमधली खिंड आणि तिच्या मागचा विजेचा टॉवर एका रेषेत आले पाहिजेत, आणि उजव्या हाताला देवळाचा कळस त्या एकट्या ताडाच्या बरोब्बर मागे गेला पाहिजे, दोन्ही रेषा जिथे कापतात तिथे शाळा. जाळं टाकायला त्याला हे लागतंच, कारण खाली विहिरींचे काठ, जोती, झाडांची ठुंठं आहेत, जाळं अडकलं की हजारोंचं नुकसान. आख्खं गाव त्याच्या डोक्यात असं रेषांनी मांडलेलं आहे. आम्ही मग तेच करत बसलो. मी म्हणायची ग्रामपंचायत दाखव, तो म्हणायचा थांबा, आणि दोन-चार वल्ही मारून, हे घ्या. ग्रामपंचायत ते आमचं घर मला लहानपणी लांब वाटायचं, डोंग्यानं मधे बोलायला एक वाक्य पुरलं. पिंपळ कुठे होता ह्यावरून आमचं भांडण झालं, मी म्हणते विहिरीच्या अलीकडे, तो म्हणतो पलीकडे, आणि हे मधे बोलून राहिले की आता दोघंही उतरून बघून या.

रडू वगैरे मला आलं नाही. घरं तशी पाण्यात गेलीच नाहीत, लोकांनी जाताना कवेलू, दारं, मयाली, जेवढं निघेल तेवढं काढून नवीन गावठाणात नेलं, माझ्या आईच्या घराचा दरवाजा तोच आहे, फक्त भिंत सिमेंटची आहे. भाऊला जास्त राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याचं म्हणणं, नदी होती तेव्हा नदी कोणाच्या बापाची नव्हती, आता धरण झालं तर मासोळीचे ठेके निघतात आणि ज्याचं गाव खाली आहे तोच वर परवानगी मागत फिरतो. हे बोलताना मात्र तो हसला नाही.

वाटेत बाकीचे डोंगे भेटायचे. प्रत्येक जण वल्हं थांबवून चवाळ्याकडे बघायचा. "कोनाकडं चालले पाव्हने?" कोनाकडं नाही. "मंग देवाले?" नाही. "सर्वे हाये का काही सरकारी?" हा प्रश्न जास्त वेळा आला, आणि त्यात थोडी भीती असायची, कारण जॅकेट घातलेली माणसं इकडे पाण्यावर आली की काहीतरी नवीन नोटीस निघते असा लोकांचा अनुभव आहे. एक म्हातारा तर आम्ही सांगितलं नुसतं फिरून राहिलो, तरी विश्वास ठेवेना. म्हणाला सांगायचं नसन तर नोका सांगू. शेवटी ह्यांनी सांगितलं की बायकोचं माहेर बघायला आलोय. तेव्हा त्याला बरं वाटलं, त्यानं दोन वाम मासोळ्या दिल्या फुकट.

आंभोऱ्याला पोचलो तर तिथे गर्दी. पाच नद्यांचा संगम म्हणतात, वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा, कोलारी, आता बॅकवॉटरमुळे कुठली कुठे मिळते ते दिसत नाही. आद्यकवी मुकुंदराज इथले की अंबाजोगाईचे हा वाद विद्वानांनी घालावा, आमच्याकडे तो कधीच मिटलेला आहे. नवीन केबलचा पूल २०२४ मध्ये सुरू झाला, वर बघायला गॅलरी, पुण्या-मुंबईच्या गाड्या, रील काढणारी पोट्टी. पूल नव्हता तेव्हा नागपूर जिल्ह्यातून भंडारा जिल्ह्यात जायला इथून डोंगाच होता, सायकली, बकऱ्या, नवरदेव सगळे डोंग्यात. पुलानं माणसाचं फार बरं केलं, त्यात वादच नाही, रात्री बाळंतीण न्यायची तर विचारा. पण पुलाखालून जाताना मी वर बघितलं तर वरची सगळी माणसं मोबाईल खाली धरून आमचाच फोटो काढत होती, युरियाच्या पोत्यांचं शिड लावलेला डोंगा! हे उगाच ताठ बसले.

एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. नागपूरची नाग नदी शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते आणि ते सगळं शेवटी इथे येतं. ज्या बाजूनं ते येतं तिकडे जलकुंभी इतकी की डोंगा जाऊन अडकतो, वास येतो, पाण्यात हात घातला तर खाजवतो. त्या बाजूला भाऊनं आम्हाला नेलंच नाही, लांबून दाखवलं. फोटोत हे पाणी निळंच दिसतं, म्हणून सांगितलं.

रात्री डोंग्यात झोपायची ह्यांची इच्छा होती, मी मोडून काढली. पौषाची थंडी, पत्र्याचा डोंगा, सकाळपर्यंत आमची कुल्फी झाली असती. नवीन गावठाणात आईकडे झोपलो, सकाळी पुन्हा पाण्यावर. असं दोन-चार दिवस चाललं. आईनं पहिल्या दिवशी विचारलं काय काम आहे, नंतर विचारणं सोडलं आणि शेवटच्या दिवशी स्वतःच डबा घेऊन येऊन डोंग्यात बसली. तिला आम्ही गावावरून नेलं. ती पिंपळाच्या बाबतीत भाऊच्या बाजूनं बोलली.

परत येताना मात्र मस्ती जिरते. वारा समोर. चवाळं गुंडाळून ठेवायचं आणि वल्हं घ्यायचं, भाऊ आणि हे आळीपाळीनं, ह्यांच्या हाताला फोड. म्हणून कोणाला असं जायचं असेल तर सांगते, सकाळी लवकर वारा नसताना वल्ह्यानं उत्तरेकडे वर जाऊन यायचं आणि दुपारी वाऱ्यानं परत खाली, आम्ही उलटं केलं होतं पहिल्या दिवशी, भाऊ सांगत होता पण ह्यांना शिड लावायची घाई. पाऊस-पुराच्या दिवसांत जायचा विचारच नको. डिसेंबर-जानेवारीत पाणी भरलेलं असतं आणि संथ असतं. माहितीतला ढिवर सोबत असल्याशिवाय जाऊ नका, खालची ठुंठं त्यालाच माहीत असतात. जॅकेट घाला, लोक हसतील, हसू द्या.

पैशांवरून रडारड झाली ती वेगळी. भाऊ म्हणे, "बाईपासून डोंग्याचे पैसे घेऊ का मी?" हे म्हणे तुझे इतके दिवस जाळं टाकणं बुडालं त्याचं काय. शेवटी मी पैसे त्याच्या बायकोच्या हातात कोंबले, वहिनीनं काही न बोलता ओच्यात टाकले आणि विषय संपला, बायकांचं असं असतं. दुसऱ्या दिवशी त्याचा मुलगा मोटरसायकलवर एवढा मोठा कतला घेऊन आमच्या दारात, अर्धे पैसे तर त्यातच परत आले.

आता ह्यांचं डोकं नवेगाव बांधाकडे लागलंय. तिकडच्या तलावात मालडोंगरी नावाचं बेट आहे, तिकडे परवानगी काढून जायचं म्हणतात. आणि चवाळ्याऐवजी तिकोनी शिड पाहिजे, कारण व्हिडिओत तिकोनी असतं. परवा मापं घेऊन गावातल्या टेलरकडे गेले होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं, कागदावरचा तो त्रिकोण उलटा-सुलटा करून बघितला आणि म्हणाला शिवून देतो, पण कापड मंडपाचं लागेल, आणि दर मी मंडपाचाच लावणार.